रुमालाखालची बोटं

"सकाळच्या पारी लावून आलाय बघ," माझ्या मागं कुणीतरी म्हणालं.

"गळ्यात लिंग आन् पोटात हातभट्टी!" दुसरा म्हणाला, आणि दोघं हसले.

मी वळून पाहिलं नाही. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. अंगात कॉन्व्हेंटचा निळा पिनाफोर, हातात आप्पांचा जेवणाचा डबा. गूळ बाजाराच्या त्या रस्त्यावर आप्पा माझ्या थोडं पुढं चालले होते. चालता चालता त्यांचा एक गुडघा एकदम वाकायचा, जणू मागून कुणी खोडी काढली. मग खांदा वर जायचा, हात हवेत एक अर्धवट वळण घ्यायचा, आणि त्या हातानं जणू टोपीच नीट करायची होती असं दाखवत ते टोपी नीट करायचे.

माझे वडील उभ्या जन्मात दारूला शिवले नव्हते. माझ्या मनात एकच वाक्य तयार झालं होतं: ते पीत नाहीत. पण ते आधी इंग्रजीत तयार झालं. शाळेत मराठी बोललं की दंड होता, घरी इंग्रजी बोललं की हसू होतं, आणि या दोन्हींच्या मध्ये मी कमी बोलायला शिकले होते. वाक्य मराठीत येईपर्यंत ते दोघं पुढच्या गाळ्यात शिरले होते.

आप्पांची गुळाची अडत होती. शेतकऱ्यांचा गूळ यायचा, आप्पा तो व्यापाऱ्यांना विकून द्यायचे. सरकारनं उघड लिलाव आणला होता, पण जुन्या लोकांत अजून रुमालाखालचा सौदा चालायचा. विकणारा आणि घेणारा हातात हात घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव सांगायचे. कितवं बोट धरलं, किती दाबलं, त्यात सगळं आलं. बाहेर तोंडं अगदी कोरी. लहानपणी मला ते फार आवडायचं. न बोलता बोलता येणारी ती एकच जागा मी पाहिली होती.

आप्पांचा आजार पहिल्यांदा तिथं कळला, पण आजार म्हणून कळला नाही. रुमालाखाली त्यांनी एक भाव सांगितला आणि त्यांचं शेजारचं बोट आपोआप उडालं. समोरच्यानं त्या उडालेल्या बोटाचा भाव धरला. आप्पा म्हणाले, मी तसं म्हणालोच नाही. समोरचा म्हणाला, मग काय माझ्या हातानं सपान बघितलं? असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. बाजारात अडत्याचा शब्द गेला की मागं काही उरत नाही. "म्हातारा बोटं फिरवतोय," असं लोक म्हणू लागले. आप्पा तेव्हा चाळिशीचेही नव्हते. हळूहळू कुणी त्यांच्या हातात हात देईना. ते रुमाल खांद्यावर टाकून गाळ्याच्या दारात उभे राहायचे आणि खांदा उडाला की रुमाल खाली पडायचा.

कागलच्या आत्याबद्दल मी कधी नीट ऐकलं नव्हतं. ती आप्पांची सख्खी बहीण, दिसायला अगदी त्यांच्यासारखी. मी सातवीत असताना आम्ही तिला बघायला गेलो. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं, पण फटीतून दिसलं. कॉटवर एक काटकुळी बाई होती आणि तिला जुन्या लुगड्यानं कॉटला बांधलं होतं. खाली पडू नये म्हणून, असं नंतर आई म्हणाली. बांधलेल्या अंगातही हातपाय चालूच होते, जणू ती कुठंतरी लवकर पोचायच्या घाईत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, तिला सगळं समजतं आहे. ती गेली तेव्हा तिचा मुलगा शाळेत होता. त्याला सांगितलं, आईला वात झाला होता. शेजारी म्हणाले, बाहेरचं होतं.

आत्या गेल्यावर आमच्या घरात माझ्याकडं बघायची एक वेगळी रीत सुरू झाली. मी आप्पांवर गेलेली. तेच नाक, तेच रुंद कपाळ. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आईवर गेलेली. कोणी पाहुणी आली की आधी माझ्या तोंडाकडं बघायची आणि मग हाताकडं. माझ्या हातून वाटी सुटली की आईचं चावणं थांबायचं. वाटी कशी सुटली, ओल्या हातामुळं की आणखी कशामुळं, हे ती मनातल्या मनात ठरवत बसायची आणि मीही. मी हात ओढणीखाली ठेवायला लागले. लोकांना वाटायचं, इंग्रजी शाळेतली पोर, शिष्ट आहे.

आमच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. कोणी तेल दिलं, कोणी अंगारा. शेवटी मी कॉलेजात असताना कुणीतरी मिरजेचे मेंदूचे डॉक्टर सुचवले, आणि आई, आप्पा आणि मी एसटीनं गेलो. डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी येत नव्हतं. म्हणून दुभाषी मी.

त्यांनी आप्पांना जीभ बाहेर काढून तशीच ठेवायला सांगितली. जीभ बाहेर आली आणि आपली आपण आत पळाली. पुन्हा काढली, पुन्हा पळाली. डॉक्टरांचा चेहरा बदलला नाही, पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आप्पांच्या आईवडिलांचं विचारलं.

"त्यांचं वडील हिरीत पडलं," आई म्हणाली.

मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, पडले? मी आईला विचारलं, "पडले?" आई खिडकीकडं बघत म्हणाली, "पडलं म्हंत्यात."

डॉक्टरांनी एका कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन पुरुषांचे, गोल बायकांचे. आजोबांचा चौकोन पेन्सिलीनं काळा केला. आप्पांचा केला. आत्याचा गोल केला. सगळ्यात खाली दोन गोल उरले, अक्काचा आणि माझा, आणि बाजूला आत्याच्या मुलाचा चौकोन. तिथं त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

मग ते बोलले आणि मी सांगत गेले. हा मेंदूचा आजार रक्तातून येतो. आईला किंवा बापाला असला की प्रत्येक मुलाला तो यायची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. मुलगा असो की मुलगी. तिशी-चाळिशीपर्यंत काही कळत नाही, आणि तोवर माणसाचं लग्न झालेलं असतं, मुलं झालेली असतात. आधी कळावं अशी तपासणी नाही. औषधानं हातपाय थोडे शांत होतील, आजार थांबणार नाही. तोंडावळ्याशी त्याचा काही संबंध नाही. एकही शब्द मी गाळला नाही. आपण कुणा दुसऱ्याच्या घराबद्दल बोलतोय असं धरून चाललं की बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

परत येताना आप्पा खिडकीशी झोपले होते. झोपेत त्यांचं अंग पूर्ण शांत असायचं. आई हळू आवाजात म्हणाली, "बाहेर बोलायचं न्हाई हे."

"अक्काला?"

"अक्काचं काय? ती माझ्यावर गेलीय."

"आई, तोंडाचा संबंध नाही म्हणाले ते."

"डॉक्टरनं तुझ्या आत्याला बघितलंय काय? तोंड आन् तोंड आप्पांचं होतं." मग तिनं माझा हात आपल्या हातात घेतला. तो हलतो का, हे ती बघत होती की नुसताच घेतला होता, मला सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी कागलहून आत्याचे यजमान आले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. खतं-बियाण्यांचं दुकान, मोठा आवाज, मनानं वाईट माणूस नव्हे. चहा बशीत ओतून ते आईला म्हणाले, "वैनी, थोरलीसाठी बाहेर कशाला हिंडताय? मामाची पोरगी, हक्काची हाय. आमचाच पोरगा करू."

"आप्पांचं असं हाय, दाजी."

"म्हणूनच म्हंतोय की. बाहेरचं लोक सतरा चौकश्या करतील. हितं कोण कुणाला बोलणार? तुमच्यातबी तेच, आमच्यातबी तेच. घरातलं घरात राहील. आन् थोरली तुमच्यावर गेलीय, पोरगा माझ्यावर गेलाय. मग काळजी कसली?"

दारामागं उभी राहून मी ते ऐकलं. आई रडली, आणि तिच्या रडण्यात सुटल्याचा आनंद होता. घरातल्या शहाण्या माणसांनी, पोरांच्या भल्यासाठी, तोंडं बघून दोन काळी घरं एकमेकांना जोडली होती. संक्रांत झाली की सुपारी फोडायची ठरली. सुपारी फुटली म्हणजे शब्द गेला, आमच्याकडं मग माघार नाही.

आतेभाऊ जेवायला आला. हसरा, बडबड्या. मला मॅडम म्हणायचा. "काय मॅडम, आज किती शब्द बोललीस? दोन? का कालचा एक शिल्लक हाय?" अक्का पदराआड हसली. तो तिला लहानपणापासून आवडायचा आणि हे सगळ्यांना माहीत होतं. तो पाटावर बसला, भाकरी मोडली, झुणका वाढून घेतला. वाढायला वाकले तेव्हा माझी नजर त्याच्या पायाकडं गेली. उजव्या पायाची बोटं हलत होती. एक उचललं जायचं, मग दुसरं, मग थोडं थांबून पहिलंच पुन्हा. कुणी पेटी वाजवावी तसं.

नवरामुलगा होता, अवघडला असेल. चिखल्या असतील, मुंग्या आल्या असतील. मी झुणक्याचं भांडं घेऊन आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी अक्काला सांगितलं. गच्चीवर आम्ही मिरच्यांची देठं काढत बसलो होतो, दोघींचे हात जळजळत होते. ती शेवटपर्यंत मिरच्या निवडत राहिली.

"दोघांत असलं तर?" तिनं विचारलं.

"तर मुलांना निम्म्यापेक्षा जास्त."

"त्याला म्हाईत न्हाई."

"नाही."

"मी सांगितलं तर मामा म्हणतील, पोरीला लग्न नकोय म्हणून घरात खोट काढतीय. आन् तो..." तिनं एक मिरची देठासकट टोपलीत टाकली. "न सांगता केलं तर मी त्याला फसवलं. तूच सांग त्याला. माझ्या तोंडातनं निघत न्हाई."

"मी?"

तेव्हा मात्र ती हसली. "व्हय, तू. तुला तर दुकानात साखर मागायला येत न्हाई."

मी प्रयत्न केला. तो पुढच्या वेळी आला तेव्हा त्याला एसटी स्टँडपर्यंत सोडायला मी गेले. सगळ्यांना नवल वाटलं. वाटेत त्यानं माझ्या परीक्षेचं विचारलं आणि मी परीक्षेचंच बोलले. कागलची गाडी लागली, तो चढला आणि खिडकीतून ओरडला, "मॅडम, आज पंचवीस शब्द झाले!"

आप्पांच्या गोळ्यांसाठी मिरजेला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, मला तुमच्या कोल्हापुरात लोकांपुढं बोलायचं आहे. अशी घरं असतात, पण प्रत्येक घराला वाटतं आपलंच शापित, म्हणून प्रत्येक जण लपवतो. लपवलेल्या आजारावर कुणी काम करू शकत नाही. तुम्ही माझं बोलणं मराठीत कराल का? मी मान हलवली. नाही म्हणायलाही मला जमत नव्हतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आप्पांच्या शेजारच्या गाळ्यातल्या जुन्या अडत्यांनी बाजाराचा हॉल मिळवून दिला. दिवस अमावस्येचा, कारण अमावस्येला बाजार बंद. सुपारीला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. आईनं ऐकलं आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. "तू नुसतं डॉक्टर बोलतील ते बोलायचं," ती म्हणाली. "त्यात आपलं काई न्हाई."

त्या दिवशी सगळी शेडं रिकामी होती. गुळाचा वास मात्र जात नाही, आणि त्या वासावर गांधीलमाश्या फिरत होत्या. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. आरोग्याचं भाषण म्हटल्यावर दोघंतिघं दारातच थांबले होते.

"नसबंदीचं न्हाई न्हवं? मागं भाषण म्हणून नेलं आन् गाडीतच घातलं."

"तुला कोण घालतंय? तुझं वय झालं."

मामा आणि आतेभाऊ कोल्हापुरात कामाला आले होते, तेही मागं येऊन बसले. आई सतरंजीच्या कडेला बसली होती. आणि मग रिक्षातून अक्का उतरली, आप्पांना धरून. आप्पांनी यायचा हट्ट धरला होता. सदऱ्याची बटणं त्यांनी स्वतः लावली होती, एक वर एक खाली. तोवर त्यांचं बोलणं बरंचसं गेलं होतं, शब्द निघायचे पण एकमेकांत अडकून.

व्हरांड्यात मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल ओढला, माझा हात धरला आणि वर रुमाल टाकला. इतक्या वर्षांनी. रुमालाखाली त्यांनी माझं पहिलं बोट दाबलं, मग सगळा पंजाच घट्ट धरला, मग त्यांची बोटं उडायला लागली, एक, दुसरं, पुन्हा पहिलं. चेहरा मात्र अगदी कोरा, सौदा करणाऱ्याचा. ते मला बोल म्हणत होते, की बोलू नको म्हणत होते, की ती फक्त बोटं होती, हे मला आजही कळलेलं नाही. अक्कानं त्यांना पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

डॉक्टर एक वाक्य बोलायचे, मी ते मराठीत करायचे. माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडं जात नव्हता. मागून ओरडले, "वाईच मोठ्यानं!" आजार कसा सुरू होतो ते मी सांगितलं. वस्तू हातून पडतात. चाल बदलते. राग येतो, विसर पडतो. लोकांना वाटतं माणूस दारू पिऊन आला आहे.

"आन् म्होरंच नमुना बसलाय," कुणीतरी म्हणालं. हशा झाला. आप्पांचा हात हवेत गेला आणि टोपीकडं आला.

पुढचं वाक्य डॉक्टर बोलून थांबले होते आणि मी ते विसरले होते. त्यांनी ते पुन्हा सांगितलं. मी म्हणाले, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मुलीलाही, मुलालाही. तोंडावळ्यावरून कळत नाही. सतरंजीवरच्या एका बाईनं आपल्या मांडीवरच्या पोराचं तोंड पदरानं पुसलं आणि ती आईकडं बघू लागली.

शेवटी डॉक्टरांनी कुणाला काही विचारायचं आहे का असं म्हटलं. मग मागून तो उठला, माझा आतेभाऊ. हसतच होता, पण नेहमीसारखा नाही. खुर्चीच्या पाठीला त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मॅडम, डॉक्टरांना विचार की. असलं घर आपल्या हितं हाय काय? का नुसतं विलायतेतलं सांगालाय?"

"बस खाली," मामा म्हणाले. "चला, उशीर झाला." ते उठलेही.

मी प्रश्न इंग्रजीत केला. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले की याचं उत्तर द्यायचा हक्क त्यांना नाही, आणि ते दिलंच पाहिजे असं माझ्यावरही बंधन नाही. हे फक्त माझ्यासाठी होतं, मराठीत करायचं नव्हतं. आईनं पदर तोंडाशी धरला होता. अक्का आप्पांच्या खुर्चीमागं उभी होती आणि तिनं आप्पांचा उडणारा हात धरून ठेवला होता. ती माझ्याकडं बघत होती. तिनं मान हलवली नाही, नजरही काढली नाही. मग तिनं आप्पांचा हात सोडून दिला.

तो हात सगळ्यांसमोर वर गेला. कुणी हसायच्या आत मी बोलले, आणि या वेळी वाक्य इंग्रजीत तयार झालं नाही.

"हाय. आमच्यात हाय. आप्पा पीत न्हाईत, त्यांना ह्यो आजार हाय. तुझ्या आईलाबी ह्योच होता, वात न्हवता. अक्काला येईल, मला येईल, का तुला येईल, ते तोंडाकडं बघून कळत न्हाई. सुपारी फोडायच्या आधी तुला म्हाईत पाहिजे."